सुरेख अक्षराचा माणूस

दुपारी जेवून आडवं झालं आणि डोळा लागला की मला अजूनही अमोनियाचा वास येतो. मुलगी म्हणते, आई, तुझं नाक म्हातारं झालंय. असेल. पण त्या वासामागोमाग उत्तरेकडच्या उंच खिडक्यांचा एक मोठा हॉल येतो, ओळीनं मांडलेले तिरपे बोर्ड येतात, कोपऱ्यात प्रिंट काढायचं यंत्र घरघरत असतं आणि खिडकीजवळच्या पहिल्या बोर्डावर दिनकरभाऊ खोडे डाव्या हातानं चष्मा सावरत उजव्या हातानं एक रेघ ओढत असतात. ती रेघ संपत नाही. मी मागे उभी राहून वाट बघत असते. मग कुणीतरी बेल वाजवतं आणि मी जागी होते. दारात बहुतेक दूधवाला असतो.

मी भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या त्या ऑफिसात ट्रेसर होते. इंजिनिअर लोकांनी पेन्सिलीनं काढलेलं ड्रॉइंग आम्ही पारदर्शक कागदावर शाईनं गिरवायचो आणि मग यंत्रात अमोनियाच्या वाफेवर त्याच्या निळ्या प्रती निघायच्या. नवरा रेल्वेत, क्वार्टर चरोद्याला. सकाळची लोकल धरून पावर हाउस स्टेशनला उतरायचं, तिथून कारखान्याची बस. लग्न होऊन आर्वीहून आलेली मी चोवीस वर्षांची, तोंडानं फटकळ आणि मनातून घाबरलेली. पहिल्याच दिवशी कागदावर माझी शाई फुटली. दिनकरभाऊ उठून आले, कागदावर टाल्कम पावडर शिंपडली, फडक्यानं पुसली आणि म्हणाले, "आता ओढा. कागदाले तेल लागलं होतं. तुमचा हात बरोबर आहे जी."

तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. मूळचे हिंगणघाटचे, अंगानं सडपातळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि त्याला बारा महिने खळ. अंगाला त्याच टाल्कम पावडरीचा वास. चूक खरवडायला ब्लेडचा अर्धा तुकडा लागायचा, तो ते खिशात आगपेटीत ठेवत. बोर्डाशी बसण्याआधी हात धुवायचे, चहा प्याल्यावर धुवायचे आणि साहेबांशी हस्तांदोलन केल्यावर तर हमखास धुवायचे. कुणी एखाद्या गोष्टीवर घाईनं बोललं की म्हणायचे, "पहिले माप घ्या, मत मंग देजा." हे वाक्य त्यांनी माझ्यावर इतक्यांदा वापरलं की घरी मीही ते नवऱ्यावर वापरायला लागले.

आणि अक्षर. देवाघरचं अक्षर. भिलाईत मल्याळी, तेलुगू, पंजाबी, बंगाली, बिहारी, सगळ्या देशाची माणसं एका भोंग्यावर उठत, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या लग्नपत्रिकांवरची नावं दिनकरभाऊंनी लिहिलेली असत. तेलुगू त्यांना वाचता येत नव्हतं, पण नुसतं बघून ते अशी अक्षरं काढायचे की तेलुगू माणूस पाकीट परत परत बघायचा. बंगाली मात्र ते वाचूनच लिहीत. ते कुठे शिकले, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

आमच्या कामात एक नियम होता. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली चौकट असते: काढणार, तपासणार, मंजूर करणार. काढणाऱ्यानं स्वतःचं ड्रॉइंग स्वतः तपासायचं नाही, मग तो कितीही मोठा असो. माझ्या पहिल्या वर्षात मी त्यांच्या एका ड्रॉइंगमध्ये बारा बोल्टांच्या जागी अकरा मोजले. सगळा हॉल माझ्याकडे, आता हिचं काही खरं नाही, अशा नजरेनं बघत राहिला. दिनकरभाऊंनी भिंग लावून मोजलं, ब्लेड काढलं, दुरुस्ती केली आणि दुसऱ्या दिवशी पेढे आणले. तेव्हापासून त्यांच्या चौकटीत तपासणार म्हणून माझी सही असायची. याचा मला केवढा गर्व होता, ते आता सांगताना हसू येतं.

लग्न त्यांनी केलेलं नव्हतं. आमच्या मराठी मंडळींत बिनलग्नाच्या पुरुषाला दोनच कारणं चालत: आईचं आजारपण, नाहीतर प्रेमभंग. दिनकरभाऊंना लोकांनी दोन्ही चिकटवली होती आणि ते दोन्हींना मान डोलवत. पण त्यांचा डबा मान डोलवत नव्हता. वांग्यावर मोहरीचा झणका, बटाट्यात वाटलेली खसखस, भात वेगळ्या डब्यात नीट दाबून भरलेला. मी एकदा विचारलं, "हे काय जी भाऊ, हिंगणघाटात अशी भाजी करतात?"

"आमच्या घरी असंच असते," ते म्हणाले आणि माझ्या ताटलीत चमचाभर वाढलं.

त्यांचं ते घर मी पहिल्याच हिवाळ्यात पाहिलं. रुआबांध्याच्या बाजूला दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे शेवंती. आम्ही नवरा-बायको रविवारी सहज गेलो होतो. दार निर्मलदांनी उघडलं. पावर हाउसच्या बाजारात त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. लहानपणी आईबापांबरोबर बंगालच्या सीमेपलीकडून पळून आलेले, रायपूरजवळ निर्वासितांच्या छावणीत वाढलेले, गोल चेहऱ्याचे, हळू बोलणारे. "आइए भाभी," म्हणाले. "यहाँ बारा साल हो गया, दिनकरबाबू किसी को चाय पे नहीं बुलाता. आप बिना बुलाए आया, अच्छा किया." दिनकरभाऊ आत घाईनं पुस्तकं आवरत होते.

चहा होईपर्यंत मला आतली खोली दिसत होती. दोन खाटा जोडून लावलेल्या आणि वर एकच मच्छरदाणी. एवढ्या पन्ह्याची मच्छरदाणी बाजारात मिळत नाही. ती मधोमध जोड देऊन शिवलेली होती आणि जोड इतका सफाईदार होता की शिंपी कोण ते विचारायला नको. मला कळलं. नवऱ्याला कळलं की नाही, ते मी विचारलं नाही. तो निर्मलदांशी मासे साफ करण्यावर बोलत होता. मी चहा प्यायले. त्यात आलं जरा जास्त होतं.

खरं सांगते, परतीच्या लोकलमध्ये मला कसंतरीच झालं. तेव्हा आमच्याकडे या गोष्टीला नाव नव्हतं. होती ती शिवी होती, आणि कायद्यात तो गुन्हा होता. मी खिडकीशी बसून माझ्या कसंतरी होण्याचं कारण शोधत राहिले. ते घर डोळ्यांपुढे आणलं, शेवंती आणली, एकानं पाणी मागायच्या आत दुसऱ्यानं पुढे केलेला पेला आणला. माझ्या चार मावश्यांपैकी एकीच्याही घरी इतकी शांतता मी पाहिलेली नव्हती. चरोदा येईपर्यंत कारण काही सापडलं नाही. मग मी तो विषय सोडून दिला.

अशी काही वर्षं गेली. त्या वर्षांकडे आता बघितलं तर सगळं तांबूस उजेडात दिसतं. कारखान्यात लोखंडाची तापलेली मळी ओतली की अर्धं आभाळ नारिंगी व्हायचं आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक तांबडी धूळ बसायची. आम्हाला वाटायचं, हे असंच चालत राहणार.

मग एका संध्याकाळी मैदानाच्या कडेनं भाजी घेऊन येताना चार-पाच पोरांनी दिनकरभाऊंना गाठलं. तीच शिवी दिली. चष्मा फोडला, भाजी पायाखाली तुडवली आणि डावा हात मनगटात मोडला. आठ दिवसांनी ते हात गळ्यात अडकवून कामावर आले. मी विचारलं, कोण होते?

"बिहारी पोट्टे. ठेकेदाराच्या झोपड्यांतले."

"तुमी पाह्यलं काय?"

"अंधारून आलं होतं. पण आपली पोरं असं करत नाई, लाखेबाई. हे सारं बाहेरून येते."

त्याच आठवड्यात मी निर्मलदांच्या दुकानात ब्लाउज टाकायला गेले. आरडाओरडा ऐकून तेच धावत मैदानावर गेले होते आणि पळणारी पोरं त्यांनी पाठमोरी पाहिली होती. सुईत दोरा ओवत ते म्हणाले, "एक लड़के का पैंट मैंने सिला है भाभी. अपना सिलाई पहचानूँगा नहीं? सेक्टर के साहब लोग का लड़का है. बाबू को बोला. बाबू सुनता ही नहीं."

जन्मभर माप घेत आलेल्या माणसानं इथे मात्र माप घेतलं नाही. मला तेव्हा राग आला होता, आता येत नाही. मारणारे बाहेरचे असले तर त्यांना हाकलता येतं, मग आपण सुरक्षित. ते शेजारच्या ब्लॉकमधले, रोज नमस्कार करणारे असले, तर दार लावून तरी काय उपयोग? दिनकरभाऊंना झोप हवी होती, म्हणून त्यांनी बिहारी निवडले.

त्याच सुमारास गावात एक नवी संघटना उगवली होती. नाव सांगत नाही. त्यातले बरेच जण आता नातवंडांना बागेत नेतात. त्यांचं म्हणणं सोपं होतं: नोकऱ्या गेल्या त्या बाहेरच्यांमुळे, चोऱ्या वाढल्या त्या बाहेरच्यांमुळे, पोरं बिघडली ती बाहेरच्यांमुळे. आमच्याकडे आपल्या घरादाराची सभ्य माणसं तेवढी राहतील, म्हणायचे. त्यांचे पुढारी, सगळे ज्यांना भैयाजी म्हणत, ते स्वतः दोन प्रांत ओलांडून आलेले; पण वयाच्या चौथ्या वर्षी आले, म्हणून ते धरायचे नाहीत. त्यांना बोर्ड रंगवायला चांगलं अक्षर हवं होतं. मोडल्या हाताची चौकशी करायला ते दिनकरभाऊंच्या दारी गेले आणि जाताना त्यांना घेऊनच गेले.

"मले समोरच्या खुर्चीवर बसवतात, लाखेबाई," दिनकरभाऊ मला म्हणाले. "दिनकरजी म्हणतात."

त्यांच्या आवाजात असा आनंद मी कधी ऐकला नव्हता. आमच्या मराठी मंडळींनी त्यांना कधी पुढच्या खुर्चीवर बसवलं नव्हतं. गणपतीच्या मखरावरची अक्षरं त्यांच्याकडून करून घ्यायचो आणि आरतीला ते मागे चपलांजवळ उभे असायचे. आम्हीही त्यात होतो.

मी छेडलं, "पण भाऊ, आपणच तं बाहेरचे. तुमी हिंगणघाटचे, मी आर्वीची."

"कावून? नागपूरच्या राजांचं राज्य रायपूरच्या पुढं होतं. आपण तं आपल्याच मुलखात आहो."

हा मुद्दा त्या वर्षी भिलाईतल्या प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडी होता, जणू आम्ही घोड्यावर बसून आलो होतो, नोकरीची जाहिरात वाचून नव्हे. प्रिंटच्या यंत्रावरचा बिसाहू हा सगळ्या हॉलमधला एकटाच खरा इथला. त्याच्या बापाचं शेत कारखान्यात गेलं होतं. तो ऐकत होता. म्हणाला, "हमर खेत मा कारखाना बनिस, साहेब. अब तुमन हमर बर लड़हू?" आता तुम्ही आमच्यासाठी लढणार का, एवढंच विचारलं; आमचं शेत गेलं तेव्हा कुठे होतात, हे त्यानं विचारलं नाही. हसला आणि यंत्र सुरू केलं. दिनकरभाऊ उठून हात धुवायला गेले.

संघटनेचे झेंडे निर्मलदांनी शिवले. दिनकरभाऊंनी घरी सांगितलं असेल आणि त्यांनी शिवून दिले. मी दुकानावरून जाताना ते कापड मांडीवर पसरून बसलेले दिसले. म्हणाले, "कपड़ा अच्छा है भाभी. रंग नहीं जाएगा." मला तिथे उभं राहवेना.

मग आली ती यादी. आमच्या भागातल्या क्वार्टरांमधून कोण बाहेरचे, हक्क नसताना राहतात, त्यांची नावं ब्लॉकवार लिहून क्वार्टर देणाऱ्या ऑफिसात द्यायची आणि खांबांवरही लावायची, असं ठरलं होतं. कुणाकडे गावाहून आलेला मेहुणा, कुणाकडे काम शोधणारा पुतण्या, कुणी ओसरीवर झोपणारा फिटर. दिनकरभाऊंनी ती यादी ड्रॉइंगच्या कागदावर काढली, म्हणजे यंत्रातून प्रती निघतील. समास आखले, ब्लॉकची नावं तिरप्या अक्षरात आणि माणसांची सरळ अक्षरात लिहिली. सवयीनं खाली उजव्या कोपऱ्यात चौकटही आखली. मग माझ्या बोर्डावर आणून ठेवली. "तपासा."

मी तपासली. एका मद्रासी नावात काना राहिला होता, एका क्वार्टरचा नंबर चुकला होता. ते मी दाखवलं. मग म्हटलं, "भाऊ, तुमचं क्वार्टर यात नाही."

"तो घरचा आहे."

"मंग हे सारेच कोणाच्या तरी घरचे आहेत."

त्यांनी ओल्या शाईवर हळूच फुंकर घातली. बराच वेळ घातली. "सही करा, लाखेबाई."

मी सही केली. मला बस गाठायची होती. बस गाठायची होती, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं.

सभा रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात होती. दिनकरभाऊंनी बोलावलं म्हणून मी गेले, बायकांच्या रांगेत शेवटी बसले. यादी फळ्यावर लावलेली होती आणि भैयाजी तिच्याकडे बोट करून बोलत होते. मंडपाच्या मागच्या खांबाशी निर्मलदा झेंड्यांचा गठ्ठा घेऊन उभे होते; पोचवायला आले होते. भाषण संपताना पुढच्या रांगेतून एक उंच पोरगा उठला. त्याची पँट सुरेख बेतलेली होती.

"दिनकरजी, एक क्वार्टर छूट गया."

"कौन सा?"

"आपका."

मंडप हसला. पोरगा थांबला नाही. "वो बंगाली आपका कौन लगता है?"

दिनकरभाऊंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. तो सगळा वेळ मी मनात म्हणत होते, भाऊ म्हणा, मित्र म्हणा, काहीही म्हणा.

"किराएदार है," ते म्हणाले.

"तो लिख दीजिए," भैयाजी गोड आवाजात म्हणाले. "नियम सबके लिए."

दिनकरभाऊंनी खिशातून पेन काढलं आणि फळ्याशी जाऊन लिहिलं. ते नाव त्या सगळ्या यादीत सगळ्यांत सुंदर आलं होतं. मी मागे वळून पाहिलं. निर्मलदांनी गठ्ठा मंडपाच्या कडेला ठेवला, वरच्या झेंड्याची सुरकुती हातानं सरळ केली आणि निघून गेले.

पुढच्या आठवड्यात निळ्या प्रती खांबांवर लागल्या. मी एका खांबाशी एक म्हातारा तेलुगू माणूस पाहिला. यादीत त्याचंच नाव होतं. तो दुसऱ्याला सांगत होता, "राइटिंग बहुत बढ़िया है." टोमणा नव्हता तो. त्याला खरंच आवडलं होतं.

भाडेकरू. हा शब्द दिनकरभाऊंना त्या क्षणी सभ्य वाटला असेल. पण कारखान्याच्या क्वार्टरात नातेवाईक चालतो, घरकामाचा नोकर चालतो, भाडेकरू ठेवला तर क्वार्टर जातं. हे भिलाईत शाळकरी पोरालाही ठाऊक होतं आणि वीस वर्षं नियमानं जगणारा माणूस नेमकं तेच विसरला. निर्मलदा सभेच्याच संध्याकाळी दुकानात राहायला गेले होते. महिन्याभरात नोटीस आली: भाडेकरू ठेवल्याचं तुम्हीच सर्वांसमोर कबूल केलं आहे, पंधरा दिवसांत लेखी खुलासा करा.

सगळ्यांनी एकच सल्ला दिला. नोकर लिहा. ज्या बाबूनं नोटीस टाइप केली त्यानंही खासगीत तेच सांगितलं. मी निर्मलदांकडे गेले, म्हटलं, तुमची हरकत नसेल तर तसं लिहितील. ते कपड्यावर खडूनं खूण करत होते. "लिखने दो नौकर," ते म्हणाले. "लिखने से क्या होता है भाभी. एक बार तो लिख ही दिया."

ते पंधरा दिवस दिनकरभाऊ कँटीनमध्ये जेवत होते. ताट तसंच ठेवून उठायचे. एके दिवशी त्यांनी एकाच रेघेवर इतकं ब्लेड चालवलं की कागद फाटला. एकदा ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तो सांगत होता, पँट मी शिवली म्हणून. मी ऐकलंच नाई." सभेत उठलेला तो पोरगा मारणाऱ्यांतलाच होता, हे त्यांनी ओळखलं होतं.

चौदाव्या दिवशी दुपारी ते माझ्या बोर्डाशी आले आणि एक कागद ठेवला. "तपासा."

अर्ज हिंदीत होता. मला आठवतो तो मराठीत. निर्मल माझा भाडेकरू नाही. नोकर नाही. नातेवाईक नाही. आम्ही अठरा वर्षं एका घरात राहिलो, कारण मला त्याच्याशिवाय राहता येत नाही. सभेत मी घाबरून खोटं बोललो. क्वार्टर परत करत आहे. खाली नेहमीची चौकट आणि काढणार म्हणून त्यांची सही.

"भाऊ, हे कायले लिहिता? नोकर लिहा. सारेच लिहितात."

"त्याले नोकर म्हणू?"

"कागदावर तं म्हणायचं."

"कागदावरच तं मी सारं आयुष्य काढलं, लाखेबाई."

"लोक काय म्हणतील, पोलिसात कोणी..."

"लोकांचं म्हणून झालं. हात मोडला तेव्हाच झालं." मग अगदी शांतपणे, ड्रॉइंगबद्दल विचारावं तसं विचारलं, "काही चूक दिसते काय?"

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. डोळ्यांपुढे अक्षरं हलत होती. शेवटी म्हटलं, "दिसते. अठरा नाही, एकोणीस. मी लागले तेव्हा बारा झाले होते. मले आता सात होतात."

त्यांनी बोटांवर मोजलं. आगपेटीतून ब्लेड काढलं, आठाचा आकडा हलक्या हातानं खरवडला, पावडर लावली आणि नऊ लिहिला. मी सही केली. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.

पुढे काय झालं? आभाळ कोसळलं नाही. क्वार्टरवाल्या ऑफिसातल्या साहेबांनी तो कागद वाचला, खणात घातला आणि फाईलवर एवढंच लिहिलं की क्वार्टर परत मिळालं. संघटनेतली खुर्ची अर्थातच गेली. कुणीतरी त्यांच्या दारावर कोळशानं ती शिवी लिहिली. मी विचारलं तर म्हणाले, "अक्षर लई वाईट होतं." खांबांवरच्या प्रती त्यांनी भर दुपारी, लोक बघत असताना, ब्लेडनं खरवडून काढल्या. यादीतल्या दारांवरही गेले. दोन घरांतली माणसं तोवर निघून गेली होती. काहींनी दार उघडलं नाही, एका बाईनं प्यायला पाणी दिलं. त्या यादीवर माझीही सही होती. मी मात्र कुणाच्या दारी गेले नाही.

त्याच महिन्यात माझ्या नवऱ्याची नागपूरला बदली झाली. ऑफिसातला माझा शेवटचा दिवस होता आणि दिनकरभाऊ क्वार्टर रिकामं करायचं म्हणून रजेवर होते. निरोप घ्यायचा राहिला, या रुखरुखीनं मी पावर हाउसला बसमधून उतरले. स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीत पाय आपोआप सावकाश पडले.

दुकानापुढच्या ओट्यावर निर्मलदा मशीन चालवत होते. गिऱ्हाइकांच्या बाकावर दिनकरभाऊ बसलेले, पायांशी होल्डॉल आणि एक ट्रंक. केव्हापासून बसले होते कोण जाणे. मी समोरच्या बांगड्यांच्या दुकानात शिरले आणि बांगड्या बघू लागले. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. निर्मलदा माप घेत, खडूनं खुणा करत, पुन्हा मशीनवर बसत; बाकाकडे एकदाही बघत नव्हते. मध्येच दिनकरभाऊंनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि कापायच्या टेबलावर ठेवला. ती त्या अर्जाची निळी प्रत असणार. निर्मलदांनी तो उलगडला. वाचला. फार वेळ वाचला. एवढा मोठा तो मुळीच नव्हता. मग त्याची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि पुन्हा शिवायला लागले.

माझ्या तीन दुकानांतल्या बांगड्या पाहून झाल्या. आभाळ कारखान्याच्या बाजूनं नारिंगी होत चाललं. बाजार आवरायची वेळ आली. निर्मलदांनी कपड्यांची घडी घातली, ओटा झाडला आणि मशीन आत न्यायला एका बाजूनं धरलं. उचललं नाही. तसेच वाकून थांबले.

"उधर से पकड़ो," ते खालीच बघत म्हणाले. "इतना दिन अकेला उठाया. कमर टूट गया."

दिनकरभाऊ उठले. त्यांनी आधी हात शर्टाला पुसले आणि मग दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून मशीन उचललं, उंबऱ्याशी जरा अडखळले, पहिलं पाऊल कुणी टाकायचं ते हलक्या आवाजात ठरवलं आणि आत गेले. मागोमाग निर्मलदा एकटेच बाहेर आले, ट्रंक उचलली, होल्डॉल खांद्यावर घेतला आणि दार ओढून घेतलं.

माझी लोकल निघून गेली होती. पुढची दीड तासानं होती.